वर्डची फाइल पुस्तकासारखी कशी करायची? आजीच्या ओव्या, गावाचा इतिहास, सप्ताहाची पुस्तिका छापणाऱ्यांसाठी माहिती

गेल्या काही वर्षांत गावोगावी पुस्तिका निघायला लागल्या आहेत. कुणी यात्रेची स्मरणिका काढतं, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणी छापून पाहुण्यांना वाटतं, कुठं सप्ताहाच्या निमित्तानं भजनांची पुस्तिका निघते. निवृत्त गुरुजींच्या कवितांचं तर विचारूच नका. बातमीच्या निमित्तानं यातल्या बऱ्याच माझ्या हातात येतात. मजकूर चांगला असतो, काही वेळा तर फार मोलाचा असतो. पण उघडून बघितलं की तहसीलला दिलेल्या अर्जासारखं दिसतं. मोठा ए-फोर कागद, सगळी अक्षरं ठळक, मधेच एक ओळ लाल, पानाला नंबर नाही, आणि मधोमध शिवल्यामुळं आतल्या बाजूचे शब्द शिवणीत गेलेले. वाचणारा दोन पानं चाळतो आणि टीव्हीवर ठेवून देतो. पुढं ती रद्दीत जाते.

खरं तर पुस्तकासारखं दिसायला फार खर्च लागत नाही. महागडं सॉफ्टवेअर पण लागत नाही. ज्या वर्डमध्ये आपण बायोडाटा टाइप करतो त्याच वर्डमध्ये हे सगळं होतं. वर्ड नसेल तर लिबरऑफिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातही होतं. फक्त काय कुठं दाबायचं आणि का, हे माहीत पाहिजे.

हे का सांगतोय त्याचं एक कारण आहे. आमच्या शेजारच्या गावातल्या एका ताईंनी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. दोनशेवीसच्या आसपास भरतात. सासूबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली. कान गेलेत, पण ओवी सुरू केली की चुकत नाहीत. वही दोनशे पानी, कडा कुरतडलेल्या, एका पावसाळ्यात भिजून शाई पसरलेली. ताईंचं म्हणणं एवढंच, की म्हातारीच्या हयातीत हे पुस्तक तिच्या हातात पडावं, म्हणजे कुठला शब्द चुकला ते ती स्वतः सांगेल. नंतर सांगणारं कोण आहे?

हे काही नवं नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. त्यांना ते बघायला मिळालं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आज इंटरनेटवर ऐकता-वाचता येतात. पण आपल्या वाडीवरच्या म्हातारीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती आपणच उतरवायची.

आधी टायपिंग युनिकोडमध्ये आहे का ते बघा

तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात अजूनही बरंच टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते झकास दिसतं. तीच फाइल तुमच्या मोबाइलवर उघडा, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षराला मराठीचा मुखवटा घातलेला असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. पाच वर्षांनी तुम्हाला दुसरी आवृत्ती काढायची झाली आणि ते दुकान बंद झालेलं असलं, तर सगळं परत टाइप करावं लागतं.

युनिकोडमध्ये तसं नाही. मोबाइलवर आपण व्हॉट्सॲपला जे मराठी लिहितो ते युनिकोडच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टायपिंग घरीच, मोबाइलवर करा. गुगल डॉक्स हे ॲप घ्या, मराठी कीबोर्ड लावा. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून बोललं तरी मराठी उमटतं. सलग गद्य मजकुराला हे छान चालतं, फक्त पूर्णविराम, स्वल्पविराम नंतर बसून द्यावे लागतात. छापील पानाचा फोटो काढून गुगल लेन्सनं मजकूर उचलता येतो. हाताच्या अक्षरावर मात्र भरवसा ठेवू नका.

ओव्या, भारुडं, लोकगीतं टाइप करताना एक धोका आहे. कीबोर्ड शहाणपणा करतो. तुम्ही ‘व्हता’ लिहिलं की तो ‘होता’ सुचवतो, ‘माजा’चं ‘माझा’ करतो. आपलं लक्ष नसलं की बदलूनही टाकतो. म्हातारी जे म्हणाली ते तसंच राहिलं पाहिजे, त्यातच तर गोडी आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय बंद करून टाका.

आणखी दोन बारीक गोष्टी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यात लग्नाच्या पंगतीएवढा फरक आहे. हा आडवा र काढायला कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ शोधा, त्याला हलन्त द्या, मग ‘य’ दाबा. दुसरं, अभंगाच्या शेवटी येणारा दंड. बरेच जण तिथं इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ मारतात. ती अक्षरापेक्षा उंच आणि बारीक दिसते. मराठी कीबोर्डवर । आणि ॥ स्वतंत्र असतात, तेच वापरा.

पानाचा आकार ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका

पुस्तक हातात धरून वाचायचं असतं, म्हणून ते ए-फोरचं नसतं. आपल्याकडची बहुतेक कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं डेमी आकाराची असतात, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. पन्नास-शंभर प्रती झेरॉक्सच्या किंवा डिजिटल मशिनवर काढायच्या असतील तर ए-फाइव्ह आकार घ्या. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो, १४८ गुणिले २१० मिलिमीटर. कागद वाया जात नाही आणि कुठल्याही दुकानात मिळतो. प्रेसला ऑफसेटवर छापणार असाल तर त्यांना आधी विचारा आणि ते सांगतील तोच आकार ठेवा.

वर्डमध्ये वर ‘लेआउट’ नावाचा टॅब आहे. तिथं ‘साइझ’मध्ये ए-फाइव्ह निवडा. हे अगदी सुरुवातीला करायचं. सगळं सजवून झाल्यावर आकार बदलला की ओळी सरकतात, फोटो उड्या मारतात, आणि पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

आता समास. शाळेच्या वहीला डावीकडं समास असतो तसा पुस्तकाला नसतो. पुस्तक उघडा आणि बघा: डाव्या पानावर शिवणीची बाजू उजवीकडं येते आणि उजव्या पानावर डावीकडं. म्हणजे जास्तीची मोकळी जागा एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिजे. आपल्या गावातल्या पुस्तिका जिथं फसतात ती जागा हीच. ‘मार्जिन्स’मध्ये सगळ्यात खाली ‘कस्टम मार्जिन्स’ आहे. ते उघडलं की ‘मल्टिपल पेजेस’ असं लिहिलेलं दिसेल, तिथं ‘मिरर मार्जिन्स’ निवडा. लगेच ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ जाऊन तिथं ‘इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ येईल. इनसाइड म्हणजे शिवणीकडची बाजू. तिथं पाऊण ते एक इंच ठेवा, बाहेर अर्धा-पाऊण इंच, वर-खाली पाऊण इंच. पुस्तक जितकं जाड तितकी आतली जागा जास्त. लिबरऑफिसमध्ये हेच ‘फॉरमॅट’, मग ‘पेज स्टाइल’, मग ‘पेज लेआउट’मध्ये ‘मिरर्ड’ असं मिळेल. गुगल डॉक्समध्ये ही आरशासारखी सोय नाही. म्हणून टायपिंग मोबाइलवर केलं तरी शेवटची मांडणी कॉम्प्युटरवर वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये करायची. घरी कॉम्प्युटर नसेल तर पोराच्या कॉलेजात, ओळखीच्या सेवा केंद्रात दोन-तीन तास बसायला मिळालं तरी पुरतं. डॉक्समधून फाइल ‘वर्ड’ म्हणून डाउनलोड करता येते.

स्टाइल म्हणजे एकदा सांगायचं, सगळीकडं लागू

बहुतेक लोक काय करतात? धड्याचं नाव सिलेक्ट करायचं, अक्षर मोठं करायचं, ठळक करायचं, मधे घ्यायचं. दुसऱ्या धड्याला परत तेच. पंचवीस धडे असतील तर पंचवीस वेळा. मग एखादं १८ चं होतं, एखादं २० चं. वाचणाऱ्याला नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

त्यापेक्षा धड्याच्या नावावर कर्सर ठेवा आणि वर ‘होम’ टॅबमध्ये ‘हेडिंग १’ असं आहे ते दाबा. सगळ्या धड्यांच्या नावांना हेडिंग १, पोटमथळ्यांना हेडिंग २, बाकी साधा मजकूर ‘नॉर्मल’. मोबाइलवरच्या डॉक्समध्येही वरच्या ‘अ’सारख्या चिन्हात हे मिळतं, त्यामुळं टाइप करतानाच लावून ठेवलं तर बरं. निळा रंग आला म्हणून घाबरू नका. हेडिंग १ वर उजवं बटण दाबून ‘मॉडिफाय’ करा, रंग काळा, आकार १८, मधोमध. ओके दाबलं की पंचवीसही मथळे एका दमात बदलतात. तिथंच ‘फॉरमॅट’, मग ‘पॅराग्राफ’मध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ला टिक केलं की प्रत्येक धडा आपोआप नव्या पानावर सुरू होतो. एंटर दाबून दाबून मजकूर खाली ढकलायचा प्रकार विसरून जा. वर एक ओळ वाढली की ते सगळं घसरतं. एखादंच पान तोडायचं असेल तर कंट्रोल धरून एंटर.

मराठीपुरती एक अडचण इथं हमखास येते. तुम्ही आकार १२ चा १३ करता आणि अक्षर हलतच नाही. वर्ड आपल्या देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणतो आणि तिचा फॉन्ट, तिचा आकार वेगळा ठेवतो. स्टाइलच्या ‘मॉडिफाय’मध्ये खाली ‘फॉरमॅट’, मग ‘फॉन्ट’ उघडा. तिथं ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा कप्पा असतो. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथं ठरवायचा. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळं किती जणांनी वर्डला शिव्या दिल्या असतील!

फॉन्ट, ओळी आणि दोन पॅरामधली जागा

पुस्तकात दोनच फॉन्ट पुरे. एक मजकुराला, एक मथळ्याला. एकच असला तरी बिघडत नाही. लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरं पत्रिकेलाच ठेवा. फुकट आणि चांगले मराठी फॉन्ट बरेच आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ पुस्तकाच्या मजकुराला फार छान दिसतो. ‘नोटो सेरिफ देवनागरी’ आहे. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ आहेत. मथळ्याला ‘मुक्त’ चालतो. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ लिहून बघा. काही फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. आपल्या डोळ्याला मराठी वळणाचीच सवय आहे.

मजकुराचा आकार १२ किंवा १३ ठेवा. म्हाताऱ्या माणसांसाठी भजनाची पुस्तिका असेल तर १५-१६ करा, लाज वाटून घेऊ नका. चष्मा नसला तरी वाचता आलं पाहिजे. दोन ओळींत जरा मोकळीक द्या, कारण आपल्याला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीएवढ्या दाट ओळी ठेवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो.

पॅरा सुरू कसा होतो ते कुठल्याही छापील कादंबरीत बघा. पहिली ओळ थोडी आत सरकलेली असते आणि दोन पॅरांमध्ये रिकामी ओळ नसते. आपण पत्रात एक ओळ सोडतो, पुस्तकात नाही. ‘पॅराग्राफ’मध्ये ‘स्पेशल’ला ‘फर्स्ट लाइन’ निवडून पाव इंच द्या. स्पेसबार मारून आत सरकवू नका. गद्य मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ, म्हणजे ‘जस्टिफाय’ करा. ठळक अक्षर मथळ्यापुरतंच. सगळंच ओरडून सांगितलं तर कुणालाच काही ऐकू येत नाही.

कविता, ओवी, अभंग यांचं गणित वेगळं. ते जस्टिफाय करायचं नाही. कारण असं: ओवीची एक ओळ संपली की त्याच कडव्यात राहून खाली जायला आपण शिफ्ट धरून एंटर दाबतो. जस्टिफाय असेल तर वर्ड ती अर्धी ओळ ओढून पानभर ताणतो आणि शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा पडते. म्हणून ओव्यांसाठी स्वतंत्र स्टाइल करा, डावीकडून सरळ, दोन ओव्यांमध्ये थोडी जागा. त्याच स्टाइलमध्ये ‘कीप लाइन्स टुगेदर’ला टिक करा, म्हणजे ओवीची एक ओळ या पानावर आणि दुसरी पुढच्या पानावर असं होत नाही. ओळीच्या शेवटचा दंड एकटाच खालच्या ओळीत पडत असेल तर दंडाच्या आधीची स्पेस कंट्रोल आणि शिफ्ट धरून द्या. ती स्पेस तुटत नाही.

पानांचा क्रम आणि नंबर

मजकुराच्या आधीची पानं बघितली की पुस्तक माहीतगारानं केलंय की नाही ते कळतं. उजवीकडं शीर्षकाचं पान: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. त्याच्या मागं बारीक अक्षरांचं पान: प्रकाशक कोण, पहिली आवृत्ती कधी, हक्क कुणाचे, अक्षरजुळणी, मुद्रक, मुखपृष्ठ, किंमत किंवा ‘खासगी वितरणासाठी’. मग अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका. प्रस्तावना आमदारसाहेबांची घ्यायची का हा तुमचा प्रश्न, पण चार-चार शुभेच्छापत्रं आणि त्यांचे फोटो पुढं घालून ज्या म्हातारीच्या ओव्या आहेत तिचं नाव सोळाव्या पानावर नेऊ नका. ओव्यांच्या पुस्तकात गाणारीचं नाव शीर्षकाच्या पानावर, आणि उतरवून घेणारा ‘संकलक’. तिचं माहेर, सासर, ओव्या कधी ऐकून लिहिल्या हे मनोगतात आलं पाहिजे. पुढं कुणी अभ्यासाला घेतलं तर हीच माहिती ते आधी शोधतात.

हक्काचा विषय निघालाच आहे तर सांगतो. संतांचे अभंग कुणीही छापू शकतं. पण आजकालच्या कवीची कविता, एखाद्या महाराजांनी लिहिलेला अर्थ किंवा निरूपण, हे त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क चालतो.

पानाचा नंबर ‘इन्सर्ट’मधल्या ‘पेज नंबर’नं घाला, हातानं टाइप करू नका. उजव्या हाताचं पान नेहमी विषम असतं, १, ३, ५. हे मोडलं की सगळा डौल जातो. सुरुवातीच्या पानांवर नंबर नको आणि मजकुरापासून १ सुरू करायचा असेल, तर मजकुराच्या आधी ‘लेआउट’मध्ये ‘ब्रेक्स’, त्यात ‘सेक्शन ब्रेक’चं ‘नेक्स्ट पेज’ घ्या. मग मजकुराच्या पहिल्या पानाच्या तळाशी दोनदा क्लिक करून ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा आणि ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट ॲट’ला १ द्या. यासाठी आधीची पानं सम संख्येत पाहिजेत, सहा किंवा आठ. कमी पडलं तर एक कोरं पान सोडा. पुस्तकात कोरं पान म्हणजे वाया गेलेलं पान नाही, सगळ्या चांगल्या पुस्तकांत असतं.

अनुक्रमणिका टाइप करत बसू नका. हेडिंग १ नीट लावलं असेल तर ‘रेफरन्सेस’ टॅबमध्ये ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ दाबलं की सगळी नावं आणि पानांचे नंबर येऊन बसतात. नंतर मजकूर बदलला तर त्यावर उजवं बटण दाबून ‘अपडेट फील्ड’. स्टाइल लावायची मेहनत इथं वसूल होते.

फोटो

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. स्क्रीनवर ठीक दिसतो, छापल्यावर धुरकट येतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे चार इंच रुंद छापायचा फोटो १२०० पिक्सेल रुंद असला पाहिजे. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंगीत फोटो काळवंडतो, म्हणून आधीच काळा-पांढरा करून थोडा उजळ करा. जुन्या फोटोखाली नावं लिहा, डावीकडून उजवीकडं. वीस वर्षांनी पोरं विचारतील हे कोण.

छापायला देताना

दुकानदाराला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली आणि तिथं तुमचा फॉन्ट नसला की सगळी पानं हलतात. त्या ताई पहिल्यांदा तालुक्याला फाइल घेऊन गेल्या तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, “मावशी, याची तर साठ पानं झाली.” घरी चाळीस होती. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या पोटातच बसतो. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून पीडीएफ निवडायचं, लिबरऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’.

चाळीस पानांचा हिशोब बघा. ए-फाइव्हच्या पानावर मोकळ्या ओळींनी साधारण २५ ओळी बसतात. एका ओवीच्या दोन ओळी आणि मधली जागा धरून तीन, म्हणजे पानाला आठ ओव्या. २२० ओव्यांना २८ पानं. पुढची आठ, फोटोंची चार, झाली ४०. दुमडलेल्या एका ए-फोर कागदावर चार पानं येतात, म्हणून पुस्तिकेची एकूण पानं नेहमी चारच्या पाढ्यात पाहिजेत. ४० पानांना दहा कागद. पन्नास प्रतींना ५०० कागद, म्हणजे बरोबर एक रीम. कव्हर वेगळं. प्रती शेकड्यांनी काढायच्या असतील तर मात्र ऑफसेटच्या प्रेसला दर विचारा, आणि एकाच ठिकाणी विचारून थांबू नका. विचारताना आकार, पानांची संख्या, आतला कागद किती जीएसएमचा, कव्हर किती जीएसएमचं, लॅमिनेशन आहे का, बाइंडिंग कुठलं, हे सगळं कागदावर लिहून न्या. तोंडी दर आणि बिलातला दर यात फरक इथंच पडतो.

दुमडून छापताना पहिल्या पानाच्या शेजारी शेवटचं पान यावं लागतं, दुसऱ्याच्या शेजारी शेवटून दुसरं. हे जुळवत बसू नका. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंट देताना ‘बुकलेट’ असं बटण आहे, ते स्वतः जुळवतं. दोन्ही बाजूंनी छापणारं मशिन असेल तर कागद आखूड बाजूवर उलटायचा, नाही तर मागची पानं उलटी येतात. साधं मशिन असेल तर आधी ‘फ्रंट साइड ओन्ली’, मग तेच कागद परत घालून ‘बॅक साइड ओन्ली’. एक प्रत काढून, दुमडून, पानं उलटून बघितल्याशिवाय पन्नासची ऑर्डर सोडू नका. मधोमध पिन मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो, तो झेरॉक्सवाल्याकडं असतो. पानं शंभराच्या पुढं गेली की मधली पिन धरत नाही, मग गोंदाचं परफेक्ट बाइंडिंग करायचं. त्यात पुस्तकाला पाठ मिळते आणि पाठीवर नाव छापता येतं.

ही पहिली प्रत म्हणजे मुद्रितशोधनाची प्रत. स्क्रीनवर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात. ताईंनी ती प्रत सासूबाईंच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचली. पहिल्या तीन पानांत म्हातारीनं चार शब्द बदलायला लावले, आणि एक ओवी सूनबाईनं अर्धीच लिहिली होती ती पूर्ण करून दिली. त्यामुळं पुढच्या पानांवरच्या ओव्या सरकल्या. पण अनुक्रमणिका अपडेट केली, नवी पीडीएफ काढली, पाच मिनिटांत काम झालं.

पुस्तक विकायचं असेल, ग्रंथालयांत ठेवायचं असेल तर आयएसबीएन नंबर घ्या. तो तेरा आकडी असतो आणि राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. सरकारी फी काही नाही. मधला कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या कामाचे, नंबरचे नव्हेत. नातेवाइकांत वाटायच्या पुस्तिकेला त्याची गरज नाही. प्रकाशित केलेल्या पुस्तकाची एकेक प्रत ३० दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवावी, असा १९५४ चा कायदा आहे. आपल्याकडं फारसं कुणी पाठवत नाही. पण पाठवलं तर तुमच्या वाडीवरचं पुस्तक कोलकात्याच्या कपाटात जाऊन बसतं. गावच्या वाचनालयाला आणि शाळेला प्रत द्यायला मात्र कायद्याची वाट बघू नका.

वर्डची मूळ फाइल, पीडीएफ आणि वापरलेला फॉन्ट, या तिन्ही गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि एक कॉपी पेन ड्राइव्हमध्ये घालून घरात दुसऱ्या कुणाकडं द्या. वहीचे फोटोही त्यातच टाका, पानोपानी, उजेडात काढलेले.